चालू हालत

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. बुऱ्हाणपूरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या लालबागेत एका मास्तरांची खोली जळाली, त्यांच्या म्हाताऱ्या आईचा हात भाजला. मास्तरांना रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवायचा नाद. खोलीभर फोम आणि गोंद.

खबर शेजाऱ्यानं दिली. गल्लीतला वायरमन मास्तरांशी भांडून तणतणत निघाला आणि तासाभरात धूर दिसला. मला एवढं पुरलं. भर दुपारी जीप नेऊन त्याला उचलला.

"साहेब, भांडण चार्जरवरूनच झालं," तो म्हणाला. "विमानाची बॅटरी मास्तर मोटरसायकलच्या चार्जरवर लावत. म्या म्हटलं, इले इचाच चार्जर लागते. त्यात सेल किती ते टाकावं लागते, बारक्या पांढऱ्या प्लगनं एकेक सेल बराबर भरते, भरली की बंद होते. हा चार्जर तर भरतच राहते. फुगून पेटते ना!"

"पाकिटाएवढी बॅटरी घर जाळते? कोणाला येड्यात काढतोस?" असं म्हणून मी दोन कानाखाली दिल्या. चाळिशीचा माणूस. बायको बाहेर बाकावर बसलेली, तिला ऐकू गेलं असणारच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या आगीतून वाचलेल्या कपाटातलं विमान आणि तशीच एक बॅटरी जब्त केली. जब्ती पत्रकात वस्तूपुढे 'चालू हालत' लिहायची आमची जुनी खोड. रेडिओ असो की पंखा, चालवून बघायचा आणि लिहायचं. बॅटरी उतरलेली होती. ठाण्यात जीपच्या बॅटरीचा चार्जर होता. तोही बारा व्होल्टचा, हीही बाराची, म्हणत मीच टेबलावर चिमटे लावले आणि जेवणाचा डबा उघडला.

लॉकअप समोरच होतं. "साहेब, काढा! फुगली ती!" वायरमन गज धरून ओरडला. मी वैतागून वर पाहतो तोच फस्सकन जाळ उठला. ठाण्याचा लिखापढी करणारा मुंशी पाण्याकडे धावला. "आधी बटन बंद करा! वाळू टाका, वाळू!" आतून तो सांगत होता आणि आम्ही वर्दीतली चार माणसं निमूट ऐकत होतो. टेबल जळालं, रजिस्टरं वाचली.

संध्याकाळी मास्तरांना पुन्हा विचारलं तेव्हा ते रडायलाच लागले. "चार्जर मीच लावून बाहेर गेलो होतो. आई माझ्यामुळं भाजली हे सांगायची हिंमत झाली नाही."

वायरमनला सोडलं. माफी? छे! "जा, पुन्हा भांडू नको," एवढंच म्हणालो. टेबल कशानं जळालं, तर रोजनामच्यात, ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, 'शॉर्ट सर्किट'. अक्षर माझंच आहे.

निवृत्तीनंतर कळलं की लालबागेत त्याला कोणी कामाला बोलवत नाही. आग लावणारा म्हणून नाव झालेल्याच्या हाती घरातली वायर कोण देणार? आता तो शाहपूरकडे केळीच्या बागांतल्या मोटारी दुरुस्त करतो. तिथं जाऊन हात जोडले. त्यानं चहा पाजला. निघताना म्हणाला, "साहेब, मले उचललं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. सोडलं ते कोणी नाही पाहिलं. एक बार येऊन सांगता का?"

सांगतो म्हणालो. समोरचा माणूस आपल्यापेक्षा जास्त जाणतो, एवढं साधं शिकायला मला ठाण्यातलं टेबल जाळावं लागलं.

त्या भेटीला महिना झाला. लालबागेत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडावरून परतलो. त्याला दंडाला धरून त्याच गल्लीतून नेताना माझे पाय जराही अडखळले नव्हते.