युद्धनौकेवरचं स्थळ

भाचीला नौदलातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा ताईने मला वर्तकनगरहून ठाकुर्लीला बोलावून घेतलं. "तू वाचतोस-बिचतोस. मुलगा खरंच युद्धनौकेवर आहे की नुसताच गणवेश शिवून घेतलाय, तेवढं बघ." गणवेशावर माझा विश्वास तसाही कमीच. सगळ्यांत रुबाबदार गणवेश लग्नातल्या बँडवाल्यांचा असतो. तरी युद्धनौकेची रचना वाचून गेलो.

पोहे आले आणि मुलाचे काका थेट क्षेपणास्त्रांवर घसरले. "एक बटण दाबलं की शत्रू खलास!" मुलगा मुकाट्याने पोहे खात होता. त्या शांतपणाचाही मला संशय आला.

"कप्तान लढतो कुठून हो?" मी मुलाला सहज विचारल्यासारखं केलं. वरच्या काचेच्या खोलीतून म्हणाला असता, तर बैठक तिथेच संपली असती.

"आतल्या एका बिनखिडकीच्या खोलीतून. अंधारात, पडद्यांकडे बघत. काचेच्या खोलीतून बोट हाकतात."

"आणि क्षेपणास्त्रं?"

"पुढच्या डेकखाली, उभी. त्यापुढचं सांगता येत नाही."

"बघ, लपवतोय," ताई कानात कुजबुजली. मला उलट बरं वाटलं. थापाड्याने आकडेसुद्धा सांगितले असते. पण एवढं तर कोणीही पाठ करून येईल.

"झोपता कुठे?"

"एकावर एक तीन बंक असतात. माझा मधला. उठून बसता येत नाही."

अशी बढाई कोणी मारत नाही. मी ताईला मान डोलावून खूण केली.

तेवढ्यात भाचीने विचारलं, "तुमचं नेमकं काम काय?"

"इंजिनाकडे असतो. बोटीचे आतून कप्पे पाडलेले असतात. आग लागली, पाणी शिरलं, की त्या कप्प्याचा लोखंडी दरवाजा बंद करायचा, म्हणजे बाकीची बोट वाचते. ते आमच्याकडे."

"आत कोणी राहिलं असेल तर?"

"अगं, सराव असतो नुसता!" काका हसले.

मुलगा हसला नाही. "आधी बाहेर काढायला बघतो. हुकूम आला की बंद करतो."

मंडळी गेल्यावर ताई खुशीत होती. "खरा आहे ना? मग होकार कळवूया."

"मामाने बोट तपासली," भाची म्हणाली. "माझं व्हायचंय अजून." तिने तिथेच फोन लावला. "रविवारी तलावपाळीला भेटता? एकटेच या. काका नकोत."

"काय विचारणार आहेस?" मी म्हटलं.

"तो दरवाजा कधी खरोखर बंद केलाय का. आणि केला असेल, तर त्या दिवशी त्याला जेवण गेलं का."