मांजरीची सात घरं

गॅलरीतल्या खोक्यात व्यालेली मांजर आज सकाळी पिल्लं हलवत होती. एकेकाला मानगुटीला धरून कठड्यावरून समोरच्या जिन्याखाली नेत होती. एरवी सतत ओरडणारं पिल्लू तिने उचललं की पाय पोटाशी घेऊन एकदम गप्प व्हायचं.

मी चहा घेऊन बघत राहिलो. खोकं कोरडं होतं, आत माझा जुना टॉवेल होता, दूधही वेळेवर मिळत होतं. मग आता निघायला हवं, हे हिला कुणी सांगितलं? मला गुवाहाटीची नोकरी चालून आलीय आणि उद्या उत्तर द्यायचंय, पण माझं काही ठरत नाही. इथलंही बरं चाललंय. शिवाय बाबा आहेत. सांगलीतल्या या घराबाहेर ते कधी राहिलेले नाहीत.

"मांजर पिल्लांना सात घरं दाखवते," बाबा शेजारी येऊन बसले. "तोवर डोळे उघडतात त्यांचे."

सातच का? पाचव्या घरी छान उबदार कोपरा मिळाला तरीही ती निघते? आणि घरं मोजतं कोण?

शेवटचं पिल्लू पोचवून मांजर परत आली. कुणी राहिलं तर नाही ना, म्हणून रिकाम्या खोक्यात नाक घालून नीट हुंगलं आणि निघून गेली.

बाबा बराच वेळ खोक्याकडे बघत होते.

"तिकडे थंडी फार पडते का रे?" त्यांनी विचारलं. "माझा हा स्वेटर पुरेल?"