धुराची वाट तपासणारे काका

आल्या आल्या ते वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडायचे. स्वयंपाकघरातल्या चिमणीचं बटण दाबायचे, पट्टी जाळीखाली धरायचे आणि सोडून द्यायचे. पट्टी वर उडून जाळीला चिकटली तर नुसती मान हलवायचे. लटपटत ओट्यावर पडली, तर घरातल्या कुणाचं अंग गरम लागल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "दम लागतोय हिला, ताई. दखू द्या जरा."

हे 'दखू द्या' त्यांच्या गावाकडचं, नामपूरच्या बाजूचं. नाशकात येऊन तीस वर्षं झाली होती, पण बघण्याची वेळ आली की जीभ परत तिकडे वळायची. आमच्या सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणत. मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझ्या चिमणीला इतरांपेक्षा जास्त तेल प्यावं लागतं. दर दोन महिन्यांनी काकांची फेरी माझ्याकडे असायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या कामामुळे घरात एक निराळीच दुपार तयार होते. ओट्यावर कागद पसरलेले, बादलीत सोड्याच्या गरम पाण्यात जाळ्या बुडवलेल्या, वाफ खिडकीतल्या उन्हात हळूहळू चढतेय. काका स्टुलावर उभे राहून पाइपाच्या भोकात डोकं घालून बोलायचे, आणि त्यांचा आवाज मागच्या खिडकीबाहेरून यायचा. माझी मुलगी लहान असताना त्या खिडकीशी जाऊन उत्तरं द्यायची. पुढे काका, मागे काकांचा आवाज, मध्ये मी चहाचं आधण ठेवून उभी. वेळ कुठे जायचा कळायचं नाही.

जाळीचा वास घेऊन ते घर ओळखत. "मेथीची फोडणी नाही लागत यंदा. साहेबांचं पथ्य?" खरंच ह्यांचं पोट बिघडलेलं असायचं. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी मात्र त्यांना दारातूनच परत पाठवत. आमची चिमणी बटण दाबलं की स्वतःच स्वच्छ होते, असं ते सांगायचे. काका नम्रपणे म्हणाले होते, "आंघोळ करते हो ती, पण पाठ कोण चोळून देणार?" कुलकर्णी हसले आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी बोलावलंच. पाइपाच्या बाहेरच्या तोंडात मैनेचं जुनं घरटं निघालं. काकांनी ते दोन्ही हातांनी उतरवून खाली कागदावर ठेवलं. सगळं गवत तेलानं पिवळं झालं होतं. "आता ही वात झाली, साहेब," ते म्हणाले. कुलकर्णींनी स्वतःहून स्टूल धरलं. मग काकांनी पाइपाच्या तोंडाला झडप बसवून दिली.

माझ्या चिमणीचा पाइप ओट्यावरून माळ्यात जातो आणि माळ्यातून मागच्या भिंतीबाहेर पडतो. एका खेपेला काका म्हणाले, माळा रिकामा करा, आतला जोड बघायचाय. माळ्यात सासूबाईंच्या गोधड्या, ट्रंका, पाहुण्यांची भांडी. मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघा ना काका." ते थोडे घुटमळले. मग हो म्हणून गेले.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. दोन्ही शेगड्यांवर कढया, दोन बायका चकल्या पाडतायत, मी तळणीवर. दुपारी बेल वाजली. दारात काका. बोलावलेलं नव्हतं.

"ताई, गॅस बंद करा."

"आज? काका, सत्तर किलोची ऑर्डर आहे माझी!"

"सकाळपासून तुमचा माळा डोळ्यापुढं येतोय. दखू द्या."

मी चिडले. संध्याकाळी या म्हटलं आणि दार लावलं. तासाभरानं कचरा ठेवायला दार उघडलं, तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. पिशवी मांडीवर, नजर माझ्या दारावर. जिन्याच्या जाळीतून येणारं ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं. ते रागावलेले नव्हते, झोपलेलेही नव्हते. नुसते बसले होते. मी आत जाऊन दोन्ही गॅस बंद केले.

आम्ही चौघांनी मिळून माळा उपसला. सगळ्यात शेवटची गोधडी ओढली, तेव्हा ती जड लागली. तिचा अर्धा भाग तेलानं निथळत होता. काकांनी बॅटरी मारली. पाइपाचा जोड सुटला होता. वाफ आणि तेल बाहेर जायच्या ऐवजी माळ्यात साचत होतं. फळी काळी पडली होती आणि तिच्या अगदी कडेनं दिव्याची वायर गेली होती. काकांनी फळीला बोट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट चकाकत होतं. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर भिंतीला टेकून त्यांनी सांगितलं, ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

फार वर्षांपूर्वी एका घरी त्यांनी नुसत्या जाळ्या धुतल्या होत्या. उशीर झाला होता, पाइप उघडायचा राहिला. त्या घरातल्या बाईंनीही राहू द्या म्हटलं होतं. नंतर तिथे तळताना ज्वाळा वर गेली आणि पाइपानं पेट घेतला. बाईंचे दोन्ही हात भाजले. काका भेटायला गेले.

"बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून बसली होती, ताई. मला बघून मुलीला म्हणाली, काकांना चहा टाक." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्यांनी कुठल्याच घरात 'पुढच्या वेळी' ऐकून घेतलं नव्हतं. फक्त माझ्याकडे ऐकलं, आणि ते त्यांना सकाळपासून छळत होतं. त्या दिवशी त्यांनी नवा जोड बसवला, फळी बदलून घ्या म्हणून दोनदा बजावलं, आणि एक चकली खाऊन गेले. ऑर्डर एक दिवस उशिरा गेली. कुणी काही म्हणालं नाही.

दोन-तीन वर्षांनी काकांचं येणं बंद झालं. फोन लागेना. मग कुणाकडून तरी कळलं, की पत्ते विसरायला लागल्यामुळे मुलानं त्यांना गावी नेलं.

गेल्या हिवाळ्यात सटाण्याला लग्नाला गेले होते. तिथून वाट वाकडी करून नामपूरच्या बाजूला त्यांच्या घरी गेले. अंगणात कांद्याच्या पातीचा वास होता. काका ओट्यावर गोणपाटावर बसले होते, आणि ऊन त्यांच्या पायांपासून गुडघ्यापर्यंत चढलं होतं. काकू म्हणाल्या, "आते त्या कोणले वळखतस नही, ताई." ओळखत नसले तरी मी नाव सांगितलं. इमारत सांगितली, फराळ सांगितला. ते हसून बघत राहिले, पाहुण्याकडे बघावं तसे.

मग मी म्हटलं, "काका, माझ्या चिमणीचा पाइप माळ्यातून जातो."

त्यांचा उजवा हात उचलला गेला. हवेत सरळ वर गेला, डावीकडे वळला, थोडा चालला, मग खाली झुकून पुन्हा वर उठला. माझ्याच घरातला तो रस्ता होता, वितीवितीनं बरोबर. शेवटच्या वळणाशी हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांनी ओळखलं नव्हतं, पण चेहऱ्यावर काळजी होती.

"त्या घरना लोके बरा शेतस ना?"

"बरे आहेत, काका," मी म्हटलं. "सगळे बरे आहेत."

त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि उन्हात डोळे मिटले.