दुसऱ्या पुकाऱ्यासाठी अडून बसलेल्या सुजाताताई

ॲड. सुजाताताई रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती बुधवार पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. त्या मोठा स्क्रीन घ्यायला आल्या होत्या आणि लांबून, चष्म्याशिवाय त्यावरचे आकडे वाचता येतील का, असे विचारत होत्या. चष्मा शेजारच्या दुकानात मिळतो, असे दुकानदाराने सांगितले. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मला, एका अनोळखी गिऱ्हाइकाला, दारापर्यंत मागे पाठवून आकडे वाचायला लावले. वाचता वाचताच मी त्यांच्या कंपनीत नोकरीला लागलो, असे म्हटले तरी चालेल.

वकिलीत उत्तम जम बसलेला असताना ती सोडून ताईंनी ही कंपनी काढली. धायरीत, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत ताई आणि आम्ही चौघे बसत असू. संगणक पुसले की हात पांढरे होत. कोर्टात आत्ता कोणते प्रकरण चालू आहे ते बाहेर बसलेल्या पक्षकाराला स्क्रीनवर दिसावे, एवढेच आमचे काम. ते सरकारी न्यायालयांना विकणे मात्र सोपे नव्हते. एका साहेबांना सगळे पटवून द्यावे, तोवर त्यांची बदली व्हावी. ताई नव्या साहेबांपुढे पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच उत्साहाने सुरुवात करीत.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा स्वभाव असाच. अकोल्याहून आलेल्या आमच्या प्रणालीला खोली मिळेना, तेव्हा ताईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. घरी जेवताना त्यांनी तिच्या कामातली चूक कधी काढली नाही. त्यासाठी ऑफिस होते आणि तिथे त्या कसर ठेवीत नसत.

अखेर एका तालुका न्यायालयात आमची चाचणी लागली. हे काम हातचे गेले असते तर कंपनी बंदच करावी लागली असती. चाचणी छान चालली, समितीही खूश होती. शेवटच्या दिवशी ताई व्हरांड्यात पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसल्या. एका बाईंचे प्रकरण पुकारले गेले. त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, म्हणून न्यायाधीशांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ते नंतर पुन्हा पुकारण्यासाठी थोडा वेळ मागे ठेवले. आमच्या स्क्रीनवर मात्र एकदा पुकारलेला नंबर पुसला जाई. आजचे काम संपले असे समजून त्या बाई एसटी गाठायला निघाल्या. ताईंनी फाटकापर्यंत धावत जाऊन त्यांना परत आणले.

तिथून त्या थेट समितीपुढे गेल्या आणि आमच्या मालात खोट आहे, मान्यता देऊ नका, असे स्वतः सांगून आल्या. आम्ही चौघेही चिडलो. मंजुरी घेऊ, दुरुस्ती मागाहून करू, असे मी म्हणालो.

"अहो, आपल्याला दुरुस्तीला वेळ मिळेल," ताई म्हणाल्या. "पण तोवर जो घरी निघून जाईल, त्याच्या दुसऱ्या पुकाऱ्याला ओ कोण देणार?"

चाचणी पुढे ढकलली गेली. ताईंनी पुन्हा काळा कोट चढवला, सकाळी वकिली आणि संध्याकाळी कंपनी असे कित्येक महिने काढले, पण आमच्यापैकी कोणाला घरी पाठवले नाही. मागे ठेवलेली प्रकरणे वेगळ्या रंगात दाखवणारा स्क्रीन आम्ही घेऊन गेलो, तेव्हा मान्यता मिळाली. आज आमचे काम बऱ्याच न्यायालयांत चालते आणि आम्ही सुखात आहोत.

अलीकडेच मी त्या तालुका न्यायालयात गेलो होतो. पूर्वी आपला पुकारा चुकेल म्हणून तिथे कोणी पाण्यालाही उठत नसे. त्या दुपारी व्हरांड्यात एक म्हातारे जोडपे डबा उघडून निवांत जेवत होते. मध्येच एकदा आजोबांनी मान वर करून स्क्रीन पाहिला आणि आजींना आणखी एक भाकरी वाढली.

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि असे निवांत बसून दुपारचे जेवण त्यांनाही मिळो. बाकीच्यांची सोय करताना त्यांचे तेवढे राहून गेले आहे.