कुंदाताईंची उपाशी बुरशी

प्रयोगशाळेत शिरण्याआधी कुंदाताई केसांतले आकडे आणि पदराची पिन काढून बाहेर खिडकीत ठेवत. लोखंडाचा कणही त्यांना आत चालत नसे. मी त्या विभागात नवा संशोधक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कमरेचा पट्टा उतरवायला लावला. बक्कल लोखंडी होतं.

लोखंडाविना बुरशी कशी तगते, हा त्यांचा विषय. "रडत नाही गा ते," ताई सांगत. "ज्या कामाले लोखंड लागते, ते काम पहिले बंद करते. मंग असा रस सोडते, का असंल नसंल तेवढं लोखंड धरून आणते." त्या रसात लोखंडाच्या क्षाराचा थेंब टाकला की तो लालसर होई, आणि ताईंचा चेहरा खुलत असे.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी यात घातली. ते सगळं काम विभागप्रमुख सरांनी एका परिषदेत स्वतःच्या नावाचा निबंध म्हणून वाचलं. ताईंचं नाव आभारातही नव्हतं. मी भांडायला निघालो, तर म्हणाल्या, "काहून तापून राहिला? बस. लोकं पाहाले येतीनच."

दिल्लीहून पाहुणे आले. सरांनी ताईंना रजेवर पाठवून प्रयोग स्वतः लावला होता. बाटल्या ताईंसारख्याच आम्लाने धुतल्या होत्या. पाहुण्यांसमोर थेंबामागून थेंब पडले, पण रस फिकट पिवळाच राहिला. सरांना घाम फुटला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ते सक्करदऱ्याला ताईंच्या घरी आले. मी तिथेच होतो.

"काय चुकलं, कुंदा?"

ताईंनी चहा पुढे केला. "निबंधावर पहिलं नाव माह्यं टाका, सर. मंग सांगीन."

सर चहा न पिताच उठले. ते गेल्यावर ताई पोटभर हसल्या. "बाटल्या धुतल्या त्यायनं. बुरशीले खाऊ घालतो ते साखर कोण धुईन? तिच्यातबी लोखंड असते गा. मी सकायी सगळ्यायच्या आधी येऊन काढत होती. सर अकराले उगवत. त्यायची बुरशी जेवून बसली, ते रस कायले सोडंल?"

ताईंची डॉक्टरेट बुडाली. कामठीच्या एका शाळेत शिकवता शिकवताच त्या आजारी पडल्या आणि गेल्या. घाटावर म्हातारे झालेले सर काठी टेकत आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्याजवळ तरी बोलली असेल ना? आता तर ती नाही."

"नाही सर," मी म्हणालो आणि त्यांना रिक्षात बसवून दिलं. पुढे तेही गेले. काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही.