जांभळ्या बॅटरीचे काका

काकांच्या हातात कुठलीही जुनी वस्तू दिली की ते आधी ती नाकाशी नेत. बॉल असो, ग्लोव्ह असो, नाहीतर बॅट. डोळे मिटून एक लांब श्वास घेत, मग चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याला थोपवत, "गोष्ट नंतर सांगा. आधी वस्तू बघू द्या."

गोष्टीचा त्यांना तिटकारा होता, आणि त्याला कारणही होतं. अमेरिकेत जुन्या बेसबॉलच्या वस्तू जमवणारे हौशी लोक गल्लोगल्ली सापडतात. कुणा गाजलेल्या खेळाडूची सही, आजोबांच्या काळातली जर्सी, यांच्यासाठी ही माणसं जीव टाकतात. आणि असं गिऱ्हाईक असलं की बनावट माल आलाच. "खोट्या मालाबरोबर गोष्ट फुकट मिळते," काका म्हणत. "आजोबा, माळा, लाकडी पेटी! खऱ्या वस्तूचा मालक बहुतेक वेळा म्हणतो, कुठून आली बुवा, आठवत नाही."

न्यू जर्सीत आयसेलिनला आमची घरं एकाच रस्त्यावर होती. मी सॉफ्टवेअरवाला. काका उमेदीच्या काळात मुंबईच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात केमिस्ट होते, मग इथे येऊन एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू गेलेल्या, मुलगी टेक्सासला फ्रिस्कोत. एकदा माझ्या ऑफिसातल्या कुणीतरी एक जुनी टोपी दाखवायला आणली, काकांनी ती नवी असल्याचं सिद्ध केलं, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांच्याकडे लोकांची ये-जा सुरू झाली.

गंमत अशी की बेसबॉल त्यांना काडीचाही कळत नसे. टीव्हीवर मॅच लागली की विचारत, "हा आता का पळतोय?" मी सांगायला लागावं तर यांचं लक्ष खेळाडूच्या बाहीच्या शिवणीवर. ओक ट्री रोडवर वांगी घेतानाही हाच प्रकार. एकेक वांगं उजेडाकडे धरून फिरवायचं. मागे रांग खोळंबलेली, आणि दुकानदार "अंकल, सब फ्रेश है" म्हणून काकुळतीला आलेला.

त्यांच्याबरोबर मी एकदा अशा वस्तूंच्या प्रदर्शनाला गेलो होतो. एका टेबलावर जुना ग्लोव्ह होता, चांगला काळवंडलेला. काकांनी तो उलटासुलटा केला आणि मला म्हणाले, "मळ जिथे हात लागतो तिथे बसतो. हा बघ, बोटांच्या बेचक्यातसुद्धा सारखाच काळा. याला चहात बुडवलाय." पुढच्या टेबलावर सही केलेला बॉल. काकांनी भिंग लावून पाहिलं. "सही बॉलपेनची आहे. हे गृहस्थ वारले तेव्हा असलं पेन बाजारात यायचं होतं. वरून सही करून पाठवली असेल!" विकणारा संतापला. काका शांतपणे पुढच्या टेबलाकडे वळले.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे जांभळी बॅटरी. हल्लीच्या धाग्यात आणि कपडे धुण्याच्या साबणात पांढरेपणासाठी एक रसायन घालतात, ते तिच्या उजेडात निळं चमकतं. जुन्या काळी ते नव्हतंच. म्हणजे जुनी म्हणवणारी वस्तू चमकली की संपलं. समोरच्याचा चेहरा पडला तरी काकांच्या आवाजात फरक पडत नसे. मी एकदा म्हणालो, "काका, जरा गोडीत सांगत जा ना." तर मलाच विचारलं, "लॅबचा रिपोर्ट गोडीत देतात का रे?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याचं कधी चुकत नाही, आणि म्हणून त्याची थोडी भीतीच वाटते.

आमच्या समोर वॉल्टर राहायचा, सत्तरीचा, एकटा. त्याचे वडील एका कारखान्यात होते. तरुणपणी एक हंगाम आपण कारखान्याच्या संघातून खेळलो, असं ते आयुष्यभर सांगत आणि पुरावा म्हणून एक लोकरी जर्सी दाखवत. वॉल्टरच्या थोरल्या भावाचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. त्याच्या मते बाप थापाड्या, जर्सी कुठल्यातरी जत्रेत विकत घेतलेली. यावरून दोघा भावांचं बोलणं तुटायची वेळ आली होती. वॉल्टरनं जर्सी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "तुझ्या त्या अंकलना दाखव. डॅडनी काढून ठेवल्यापासून हिला पाणी लागलेलं नाही."

काका दोन दिवस बाहेरगावी प्रदर्शनाला गेले होते. घरात त्यांची सांगलीहून आलेली थोरली बहीण, अक्का. ही कुणाची जर्सी ते सांगून मी ती अक्कांच्या हातात दिली. काका परतल्यावर वॉल्टरचा निरोपही पोचवला.

रविवारी वॉल्टर आला. काकांनी वास घेतला, जुनेपणाचा वास काही लागेना. त्यांनी पडदे ओढले, बॅटरी लावली. शिवणीचा धागा न् धागा निळा उजळला.

"हिला कधीच पाणी लागलं नाही म्हणता?"

"कधीच नाही."

"मग हा धागा नवा आहे. ही नक्कल आहे."

पडदे ओढलेल्या अंधारातच वॉल्टरनं बाह्या आत दुमडून जर्सीची नीट घडी केली. "म्हणजे थोरल्याचंच खरं," एवढंच बोलला, काकांचे आभार मानले आणि गेला. त्यानंतर तो अंगणात दिसेनासा झाला. मी हात केला तरी मान हलवून आत जायचा. मला फार वाईट वाटायचं, पण काकांशी वाद घालणार कोण?

दोनेक आठवड्यांनी मी काकांकडे पोहे खात बसलो होतो. अक्का वॉशिंग मशीनच्या नावानं बोटं मोडत होत्या.

"त्यापरीस हातानं धुतलेलं बरं. त्या समोरच्या गोऱ्याचा शर्ट बघ की, कसा लख्ख निघाला."

काकांचा चमचा थांबला. "अक्का, तू तो धुतलास?"

"मग? मेलेल्या माणसाच्या अंगावरचं, तसंच घरात ठेवायचं होय? पाणी नुसतं चहासारखं झालं बघ. तुझ्याच त्या साबणाच्या पुडीनं धुतला."

काका बहिणीवर चिडले नाहीत. ते तसेच उठले, मला "चल" म्हणाले आणि घरातल्या चपलांवर रस्ता ओलांडून वॉल्टरच्या दारात उभे राहिले.

"माझी चूक झाली," त्यांनी सरळ सांगितलं. "जर्सी माझ्या घरात धुतली गेली. मी पाहिलं ते आमच्या साबणाचं चमकणं होतं."

वॉल्टरचा चेहरा उजळला. "म्हणजे ती खरी आहे?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मळ गेला, वास गेला. कापड, बटणं, शिवण त्या काळाशी जुळतात, पण चांगली नक्कलही जुळते."

वॉल्टर थोडा वेळ दाराची कडी चाळवत राहिला. "ते असू दे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मला वाटलं, आता लॅबचा रिपोर्ट येणार. पण ते म्हणाले, "तुमचे वडील खरं बोलत होते." पुराव्यावाचून त्यांनी काही ठामपणे सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

परतताना रस्त्यात काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला असं सांगायचा अधिकार नव्हता."

"मग का सांगितलंत?"

"त्याच्या बापाला खोटं ठरवायचा तरी कुठे होता?"

रविवारची ये-जा पुढेही चालू राहिली. फक्त काका आता आधी गोष्ट ऐकून घ्यायचे, कंटाळवाणी असली तरी पूर्ण ऐकायचे, आणि मग बॅटरी काढायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. फ्यूनरल होममध्ये आम्ही आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलो होतो, फ्रिस्कोहून आलेली मुलगी पुढच्या रांगेत. वॉल्टर आला आणि त्यानं ओव्हरकोट काढला, तर आत ती जर्सी. बटणं लागत नव्हती, बाह्या कोपराशी अडकल्या होत्या. लोक वळून बघायला लागले. तो तडक मुलीजवळ गेला. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं रडवेल्या आवाजात विचारलं, ही कुठल्या टीमची?

"माझ्या वडिलांची आहे," वॉल्टर म्हणाला. "तुझ्या वडिलांनी सांगितलंय मला."