चुकीच्या पानावरचं स्तोत्र

फरशीवाल्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर त्याने कधी लावला नाही, गुडघेच त्याला उठवायचे. चोवीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरांत फरशी बसवल्यावर गुडघे घड्याळापेक्षा वक्तशीर होतात.

पाचला घरात प्रार्थना व्हायची. टेबल एक, माणसं चार. तो, बायको, दहा वर्षांची थोरली आणि सहा वर्षांचा धाकटा. थोरलीला सगळे मिरी म्हणत, कारण ती दिसायला एवढीशी आणि जिभेला झणझणीत. धाकटा गोटू, कायम कोणाच्या तरी हातातून निसटलेला. बायको पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून मिरीपुढे ठेवायची आणि मिरी ओळीखालून बोट फिरवत स्तोत्र वाचायची. एकदाही अडखळायची नाही.

तो मात्र टेबलाशी बसायचा नाही. एक बूट पायात, दुसरा हातात, खांदा दाराच्या चौकटीला. साडेपाचला कोपऱ्यावर मजुरांची गाडी यायची आणि ती कोणासाठी थांबत नसे. ‘आमेन’ म्हणेपर्यंत दुसरा बूट चढलेला असायचा. रिकामं बसणं त्याच्या अंगातच नव्हतं. जेवतानाही त्याचा पाय टेबलाखाली हलत असे.

मुलांना घरी शिकवायचं हे नवराबायकोने दोन वर्षांपूर्वी ठरवलं. शाळेत पन्नास पोरांच्या वर्गात मिरी मागच्या बाकावर बसून गप्प झाली होती, इतकी की घरीही बोलेना. शिवाय देवाची ओळख एका जागी आणि गणित दुसऱ्या जागी, असं त्यांना नको होतं. दोन्ही एकाच टेबलावर व्हावं असं त्यांना वाटत होतं. सरकारी परवानगी मिळाली, पण तिच्यात एक अट होती. मूल दहा वर्षांचं झालं की तपासणीस घरी येणार, मुलाने कधी न पाहिलेलं एक पान पुढे ठेवणार. वाचता आलं नाही तर परवानगी रद्द आणि मूल पुन्हा शाळेत.

पत्र आलं तेव्हा तपासणीला बरोबर तीन आठवडे होते.

“मिरीला कसली भीती?” तो म्हणाला. “आपल्या चर्चच्या पाळकांना चष्मा लावून जमत नाही तेवढं ही झोपेतून उठून वाचते.”

सगळे हसले. मिरी हसली नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी दूध उतू गेलं. बायको शेगडीकडे धावली आणि तिथूनच म्हणाली, “अहो, सत्ताविसावं स्तोत्र काढून द्या तिला.”

त्याच्या हातात बूट. त्याने दुसऱ्या हाताने शास्त्र उघडलं, जिथे उघडलं तिथे, आणि मिरीपुढे सरकवलं. मिरीने बोट ठेवलं आणि सुरुवात केली. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधून वर आला तेव्हा त्याचे डोळे पानाच्या पातळीवर होते.

पान वंशावळीचं होतं. वरपासून खालपर्यंत नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. मिरीचं बोट त्या नावांखालून संथपणे चाललं होतं आणि तोंडातून सत्ताविसावं स्तोत्र येत होतं. शब्द न शब्द बरोबर. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर जाई. स्तोत्र संपलं तेव्हा बोट कोणा एकाच्या नातवावर थांबलं. तिने शास्त्र मिटलं.

“आमेन,” गोटू सगळ्यांच्या आधी म्हणाला.

फरशीवाला बाहेर पडला. दुसऱ्या बुटाची नाडी तशीच सुटी होती, ते त्याला कोपऱ्यावर कळलं.

त्याच्या कामात एक रीत आहे. फरशी बसवून वाळली की प्रत्येकीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघायचं. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज बसका येतो. कुठे भरायचा राहिला असेल तर पोकळ. वरून दोन्ही सारख्याच चकचकीत, घरमालकाला काही कळत नाही. पण पोकळ फरशीवरून पहिलं जड कपाट सरकवलं की ती फुटते. म्हणून ठोकायचं, आणि पोकळ लागली की उचलायची. वरून माल ओतून ती भरत नाही. चांगला कारागीर हे कामावर येताच शिकतो.

त्या दिवशी त्याने एकाच खोलीतल्या फरश्या तीनदा ठोकल्या.

“काय रे, आत कोणी राहतं का?” मुकादम म्हणाला. “मघापासून दार वाजवतोयस.”

“बघतोय.”

“मग चहा तरी मागव आतून.”

तो हसला नाही. मनात एकच चाललं होतं. दोन वर्षं तो रोज पहाटे ऐकत होता आणि एकदाही ठोकून बघितलं नव्हतं. लोकांच्या फरशीला तीनदा ठोकायचं आणि स्वतःच्या मुलीच्या वाचनाला चौकटीत उभं राहून मान डोलवायची. ही कसली मेहनत?

संध्याकाळी घरी येताना त्याने सिमेंटची रिकामी पिशवी आणली.

“मिरे, यावर काय लिहिलंय बघ गं.”

मिरीने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “सिमेंट.”

“त्याच्या खाली?”

“खाली घाण लागलीय.”

त्याने बाहीने घाण पुसली. “आता?”

“आता गोटू मला बोलावतोय,” ती म्हणाली आणि गेली. गोटू मोरीत एकटाच गाणं म्हणत होता.

बायको शिलाई यंत्रावर बसली होती. ती लोकांचे कपडे शिवायची, सकाळी मुलांना शिकवून झाल्यावर. त्याने तिला पहाटेचं सगळं सांगितलं, वंशावळीसकट. यंत्र थांबलं.

“खोटं.”

“माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“तुमच्या डोळ्यांनी?” ती म्हणाली. “तुम्ही असता कुठे? पाय उंबऱ्यात आणि जीव गाडीत. शिकवते मी. दोन वर्षं मी शिकवतेय आणि आज तुम्ही वाकून पाहिलंत.”

तो खोलीत फेऱ्या मारू लागला. दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं, वळायचं, पुन्हा सहा.

“बसा हो. डोकं फिरतं माझं.”

तो बसला. पाय हलायला लागला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, “मला शंका आली होती. मागच्या वर्षीच. पण ताई घरी येतात, म्हणतात, दाखव बघू तुझ्या घरच्या शाळेतलं. मग मी हिला स्तोत्र वाचायला बसवते. ती घडाघड म्हणते. ताईंचं तोंड बंद होतं. मला बरं वाटतं.” तिने कापडातली टाचणी काढून पुन्हा तिथेच टोचली. “मला वाटलं, येईल आपोआप.”

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तिला हे घरी शिकवणं पहिल्यापासून पसंत नव्हतं, आणि मनातलं मनात ठेवण्याची तिला सवय नव्हती.

“मीही तेच केलं,” तो म्हणाला. “चर्चमध्ये सगळ्या मंडळीपुढे तिला उभं केलं होतं ना मी. वाच म्हणून.”

चूक काय झाली ते आता दोघांनाही दिसत होतं. रोज पहाटे घरात शास्त्र मोठ्याने वाचलं जाई. मिरीचे कान तल्लख. तिला सगळं ऐकूनच पाठ झालं, आणि ज्याच्यावरून तिला वाचायला शिकवत ते पुस्तकही तेच होतं. ज्या घरात एवढं वाचन होत नाही, तिथे ही फसगत झालीच नसती. पाठांतर वाईट नाही, ते पोरीला जन्मभर पुरेल. पण त्याला वाचन समजू नये. घरी शिकवणाऱ्याने मुलाला कानावरून न गेलेलं पान रोज एक तरी द्यावं आणि मग पुढे बसून ऐकावं.

त्याने मिरीला बोलावलं. ती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कळलं होतं.

“तुला वाचता येत नाही का गं?”

“येतं.”

“मिरे.”

“अक्षरं येतात सगळी. जोडून शब्द करायला वेळ लागतो.” तिने खाली पाहिलं. “आणि तुम्हाला वेळ नसतो. मी थांबले की तुमचा बूट वाजतो. मग मी पाठच म्हणते, लवकर होतं.”

फरशीवाल्याने आपल्या पायाकडे पाहिलं. पाय हलत होता.

दुसऱ्या दिवशी तो मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. तपासणीपर्यंत सहाऐवजी नऊला येईन, म्हणाला.

“आणि गाडी?”

“चालत येईन.”

“पाऊण रोज मिळेल.”

“चालेल.”

“तुझं ते कापायचं यंत्र? दोन वर्षं ऐकतोय, घेणार, घेणार.”

हे खरं होतं. फरशी कापायच्या यंत्रासाठी तो दर आठवड्याच्या मजुरीतून थोडं बाजूला टाकत होता. हाताने कापताना मनगट भरून येई, यंत्राने ते वाचलं असतं, कामही दुप्पट झालं असतं.

“राहू दे ते,” तो म्हणाला.

उचलायची तर सगळी उचलायची, हे त्याला कामाने शिकवलं होतं. प्रार्थनेत शास्त्र आता बायको वाचू लागली, मिरी फक्त ऐकायची. मग सहा ते आठ तो आणि मिरी. कामावरून तो फुटक्या फरश्या पिशवीत घालून आणायचा. त्यांच्या पाठीवर खडूने तो एकेक शब्द लिहायचा, त्याच्या अवजारांपैकी, तिने कधी पाठ केलेला नसेल असा. करणी. बादली. वाळूची चाळण. शब्द वाचून झाला की ती फरशी तिने जमिनीवर मांडायची आणि पुढची घ्यायची. पंधरा मिनिटं बसायचं, मग दोघांनी उठून अंगणाला एक चक्कर मारायची, मग पुन्हा पंधरा मिनिटं. ही चक्कर मिरीपेक्षा त्यालाच जास्त लागायची.

पहिला आठवडा वाईट गेला. मिरी शब्दाचं पहिलं अक्षर वाचायची आणि पुढचं अंदाजाने ठोकून द्यायची. ‘करणी’चं ‘करवत’, ‘बादली’चं ‘बाहुली’.

“अंदाज नको,” तो म्हणायचा. “आहे ते वाच.”

“तुम्ही श्वास सोडू नका ना तसा.”

“कसा?”

“बैलासारखा.”

दुसऱ्या आठवड्यात त्याने शब्द सोडून वाक्यं धरली. आत्या हातोडीने भात ढवळते. आत्याच्या चपलेत बेडूक राहतो. मिरी एकेक अक्षर जोडत शेवटाला पोहोचायची आणि एकदम खुदकन हसायची. त्या हसण्याने त्याला कळायचं, की हे पाठ नाही, हे आत्ता वाचलं. गोटूही आडवा पडून फरश्यांवरची अक्षरं गिरवू लागला. त्याला कोणी शिकवायला बसवलं नव्हतं.

बायकोनेही आपली रीत बदलली. सामानाची यादी मिरीकडे, दुकानाची पाटी मिरीकडे, गिऱ्हाइकांच्या मापांची वही मिरीकडे. वाचायला वेळ लागला तरी मधे बोलायचं नाही. एकदा मिरीने छातीचं माप बाहीला सांगितलं आणि एक झबलं वाया गेलं. बायकोने ते उसवून पुन्हा शिवलं, तरी वही काढून घेतली नाही.

तपासणीच्या दिवशी त्याने कामच घेतलं नाही. तपासणीस बाई दहाला आल्या, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. ताई नऊपासूनच येऊन बसली होती.

बाईंनी मिरीपुढे एक छापील पान ठेवलं. मधमाश्यांबद्दल होतं.

“सावकाश वाच,” बाई म्हणाल्या.

मिरीने बोट ठेवलं. पहिला शब्द आला. मग थांबली. दुसरा आला. पुन्हा थांबली. शेजारच्या घरातला नळ ऐकू येऊ लागला. फरशीवाला खिडकीशी उभा होता. त्याने खालच्या फरश्या मोजल्या, उभ्या अकरा, आडव्या नऊ. पाय हलायला लागला तेव्हा त्याने दुसरा पाय त्याच्यावर ठेवून दाबला.

“एवढ्यात माझं धुणं वाळलं असतं,” ताई पुटपुटली.

“ताई, गप्प,” बायको म्हणाली. एवढ्या वर्षांत ती नणंदेला असं पहिल्यांदाच बोलली होती.

अर्ध्या पानावर मिरी एका लांब शब्दाशी अडली. तिने वर पाहिलं, बापाकडे. तो हलला नाही. श्वाससुद्धा त्याने धरून ठेवला. मिरीने पुन्हा खाली पाहिलं आणि शब्द मधे तोडून दोन भागांत वाचला, मग जोडून. नंतर ती हसली, कारण त्या वाक्यात एक माशी वाट चुकून दुसऱ्याच पोळ्यात शिरली होती.

बाईंनी तिचं हसणं पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. निघताना त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. वाचते, फार सावकाश, परवानगी सहा महिने, नंतर पुन्हा तपासणी.

“सहाच महिने?” ताई म्हणाली.

“पुरतील,” तो म्हणाला. पुरतील की नाही हे त्याला माहीत नव्हतं. मुकादमाला आता काय सांगायचं, हेही माहीत नव्हतं. पण सहा ते आठ त्याला सोडायचे नव्हते.

दुसऱ्या पहाटे प्रार्थनेनंतर मिरीने शास्त्र आपल्याकडे ओढलं आणि स्वतःच पान काढलं. तेच, वंशावळीचं. अवघड नावं, एकाहून एक. ती वाचू लागली. अमक्याचा मुलगा तमका यायला पाव मिनिट लागे. फरशीवाला टेबलाशी बसला होता. दोन्ही बूट दाराशी होते.

“बाबा, पाय,” मिरी वर न बघता म्हणाली.

त्याने पाय थांबवला.

फरशी कापायचं यंत्र त्याने पुढेही घेतलं नाही. शेवटपर्यंत हातानेच कापली, मनगटाला फडकं बांधून. त्या यंत्रासाठी जमवलेल्या पैशांतून कमी पडणारी पाव मजुरी भरून काढत त्याने पहाटेचे दोन तास विकत घेतले. वंशावळीच्या त्या पहिल्या पहाटे त्यात अकरा नावं वाचून झाली.